शेजारच्या आजींची जुनी बेसबॉल कार्डं: किंमत कशी ठरते? लिलावात द्यावीत का?

अंगणवेल

नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोत, क्लीव्हलंडजवळ राहतो. शेजारच्या आजींचे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी जमवलेली बेसबॉल कार्डं घरात आहेत. आजी आता छोट्या घरात राहायला जाणार. मूलबाळ नाही, पुतण्या कॅलिफोर्नियात. त्यांनी मला विचारलं, "तू जरा बघून सांगतेस का याचं काय करायचं ते?" माझ्या बाळंतपणात या बाईंनी आईसारखं केलं आहे, त्यामुळे हे काम नीट व्हावं अशी मनापासून इच्छा आहे. मला बेसबॉलमधलं काहीही कळत नाही.

एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अगदी छोटी, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कार्डं आहेत. मागे 'पीडमाँट', 'स्वीट कॅपोरल' अशा सिगारेटच्या जाहिराती. ही सासऱ्यांची. एका वहीसोबत जाडसर कार्डं आहेत, मागे 'बिग लीग च्युइंग गम' असं छापलेलं. वहीत यजमानांनी नंबर लिहून खुणा केल्या आहेत आणि १०६ भोवती लाल गोल काढलाय. बुटांच्या खोक्यात टॉप्स कंपनीची १९५० च्या दशकातली कार्डं. आणि तळघरात १९८७ ते १९९२ ची न फोडलेली खोकी, भिंतभर.

ओळखीतून एक डीलर येऊन गेला. दहा मिनिटं चाळलं आणि म्हणाला, सगळं मिळून एक रक्कम, आजच रोख. आजींनी अजून होकार दिलेला नाही. मी काय सांगू त्यांना?

पिट्सबर्गकर

ताई, आधी त्यांना सांगा की घाई नको. एवढ्या मोठ्या साठ्यात बहुतेक वेळा दहा-पंधरा कार्डंच बाकी सगळ्यांपेक्षा जास्त मोलाची असतात. ती कोणती, हे त्या माणसाला दहा मिनिटांत कळलेलं असतं आणि आजींना माहीत नसतं. 'सगळं मिळून' या भावाचा फायदा नेहमी त्यालाच, ज्याला माहिती जास्त.

डब्यातली कार्डं म्हणजे बहुधा टी २०६. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांत घातलेली. एकूण ५२४ वेगवेगळी कार्डं आणि मागे सोळा ब्रँडच्या जाहिराती. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल या सगळ्यांत जास्त सापडणाऱ्या पाठी. म्हणजे सामान्य खेळाडू असेल आणि कोपरे गोल झालेले असतील तर एकेक कार्ड शंभर डॉलरच्या आत. पण टाय कोब, क्रिस्टी मॅथ्यूसन, वॉल्टर जॉन्सन, साय यंग अशी नावं दिसली तर ती लगेच बाजूला काढा. डब्यात 'ड्रम', 'उझिट', 'लेनॉक्स', 'ब्रॉड लीफ' अशी पाठ दिसली तर पुढचा खेळाडू कुणीही असो, तेही बाजूला.

च्युइंग गमवाली १९३३ ची गौडी, बॉस्टनच्या कंपनीची. त्यात बेब रूथची चार कार्डं आहेत: ५३, १४४, १४९ आणि १८१. यातलं एकही असलं, अगदी मधोमध घडी पडलेलं, तरी काही हजार डॉलरची गोष्ट आहे.

तळघरातल्या खोक्यांचं सांगायला जीवावर येतं, पण ती बहुतेक रद्दीच्या भावाची. त्याबद्दल नंतर.

चंद्रभागा

वाचतेय. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या त्याच्या सगळ्या मित्रांना हे वेड लागलंय. मलाही शिकायचंय.

सोनटक्का

पुण्यातून एक बाळबोध प्रश्न. छापील चित्राला लाखो डॉलर कशाला देतात? वॅग्नरचं कार्ड म्हणून सारखं ऐकतो ते काय आहे?

पिट्सबर्गकर

सोनटक्का, तुम्ही माझ्या गावच्या माणसाचंच नाव काढलंत. होनस वॅग्नर पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे एका ठरावीक जागेचा क्षेत्ररक्षक. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, पहिले पाच खेळाडू निवडले, त्यात कोब, रूथ, मॅथ्यूसन, जॉन्सन यांच्याबरोबर हा. आमच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. टी २०६ मधलं त्याचं कार्ड छापायला सुरुवात झाली आणि त्याने परवानगी नाकारली. लहान मुलांनी आपल्या चित्रासाठी सिगारेटची पाकिटं घेऊ नयेत म्हणून, असं एक मत. पैसे मिळाले नाहीत म्हणून, असं दुसरं. तो स्वतः तंबाखू चघळायचा, हे दुसऱ्या मताचे लोक आवर्जून सांगतात. परवानगी मिळवून देणाऱ्या इथल्या एका क्रीडा पत्रकाराला कंपनी १० डॉलर देणार होती. वॅग्नरने नकाराच्या पत्रासोबत त्या पत्रकाराला स्वतःचा १० डॉलरचा चेक पाठवला, तुझं नुकसान नको म्हणून. मला माणूस म्हणून वॅग्नर आवडतो तो या चेकमुळे.

छपाई थांबली. आज ५० ते ६० कार्डं ठाऊक आहेत. २०२१ मध्ये त्यातलं एक, ग्रेड (कार्डाच्या अवस्थेला दहापैकी दिलेला आकडा) फक्त ३, लिलावात ६६ लाख डॉलरला गेलं. पुढच्या वर्षी ग्रेड २ चं एक खासगी व्यवहारात साडेबहात्तर लाखांना.

आता तुमचा 'कशाला'. नुसत्या दुर्मिळपणाने भाव येत नाही. याच संचात जो डॉयलचं एक चुकीच्या छपाईचं कार्ड आहे, तो न्यूयॉर्कच्या कुठल्या लीगमधल्या संघाचा हे चुकलेलं. ते वॅग्नरपेक्षाही कमी सापडतं. त्याची किंमत वॅग्नरच्या जवळपास फिरकत नाही. डॉयलची गोष्ट कोण कुणाला सांगतो? उलट १९५२ च्या टॉप्समधलं गाजलेल्या मिकी मँटलचं कार्ड, क्रमांक ३११, छपाईच्या पत्र्यावर दोनदा घेतलेलं, म्हणजे शेजारच्या कार्डांच्या दुप्पट छापलेलं. ते त्याचं पहिलं कार्डही नाही, पहिलं १९५१ चं बोमन कंपनीचं. तरी २०२२ मध्ये त्याची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. ते घर जसं हवं असणारे लोक किती आहेत, आणि ते इतक्या नव्यासारख्या अवस्थेत किती उरलंय, या दोन्हींवर भाव ठरतो.

गल्लीक्रिकेट

'ते घर जसं' म्हणजे काय पिट्सबर्गकर? घाईत टंकताय का :)

अवांतर: आमच्या लहानपणी बिग फन बबलगममध्ये क्रिकेटपटूंची कार्डं यायची. त्यावर रन आणि विकेट छापलेल्या, ठरावीक रन जमले की बक्षीस. कपिलचं कार्ड मिळवायला मी दोन रवी शास्त्री दिले होते. ती कार्डं आईने कुठल्यातरी दिवाळीत साफसफाईत काढली.

पिट्सबर्गकर

'ते कार्ड' असं वाचा. आणि गल्लीक्रिकेट, तुमच्या आईने जे केलं तेच इथल्या आयांनी केलं म्हणून तर हा बाजार उभा आहे. मुलगा कॉलेजला गेला की खोकं कचऱ्यात. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत ढिगांनी गेली. पोरं सायकलच्या चाकात अडकवायची, फडफड आवाज यावा म्हणून. जे उरलं ते अपघाताने.

मँटलचं तर कंपनीनेच बुडवलं. १९५२ च्या संचातले ३११ ते ४०७ नंबर हंगाम संपत आल्यावर बाजारात आले, तोवर मुलं फुटबॉलच्या मागे लागली होती. माल पडून राहिला. तो संच ज्याने रचला त्या साय बर्गरने १९६० च्या सुमारास ती खोकी तराफ्यावर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकमध्ये टाकली. गोदामात जागा हवी होती.

रानवारा

बापरे. समुद्रात! माझा मुलगा हे वाचून गॅरेजमधला माझ्या पोस्टाच्या तिकिटांचा डबा शोधायला गेलाय, आणि जेवण टेबलावर गार होतंय.

दिगंत

मला या सगळ्याला थोडा विरोध करायचा आहे. दुर्मिळ वस्तूंचा नाद समजू शकतो. पण आज जे चालतं ते कार्डांचं वेड नसून, ग्रेड देऊन कार्ड ज्यात बंद करतात त्या प्लॅस्टिकच्या डबीवर छापलेल्या आकड्याचं आहे. कुणीतरी कार्ड हातात घेऊन ८ म्हणतो, दुसरा ९ म्हणतो, आणि त्या एका आकड्यात किंमत कित्येक पट होते. १९५२ च्या टॉप्समधलं पहिलं कार्ड अँडी पॅफकोचं. चांगला खेळाडू, पण मँटल नव्हे. पोरं गठ्ठ्याला रबरबँड लावायची म्हणून पहिलं कार्ड नेहमी खराब व्हायचं. त्यामुळे १९९८ मध्ये १० ग्रेडच्या एका पॅफकोला ८३ हजार डॉलरवर भाव मिळाला. त्याच पॅफकोचं वापरलेलं कार्ड कुणीही सहज घेऊ शकेल अशा भावात मिळत होतं.

आणि ज्या संस्थेच्या आकड्यावर सगळे विसंबतात त्या पीएसएने १९९१ मध्ये ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड कोणतं होतं? वॅग्नर. आठ ग्रेड दिली. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या संघाचे तेव्हाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ते त्याच वर्षी सदबीच्या लिलावात ४ लाख ५१ हजारांना घेतलं होतं. मग २००० मध्ये साडेबारा लाखांच्या वर, २००७ मध्ये आधी २३ लाख ५० हजार, काही महिन्यांतच २८ लाख. आणि २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रोने, जो या धंद्यातला सगळ्यांत मोठा लिलाववाला होता, न्यायालयात कबूल केलं की ते कार्ड त्यानेच कडांनी कापलं होतं. कापलेल्या कार्डाला आकडा मिळायलाच नको. मॅस्ट्रोला २०१५ मध्ये २० महिन्यांची कैद झाली. त्याच्या लिलावात खोट्या बोली लावून भाव चढवले जात, हाही त्या खटल्याचाच भाग होता.

अशा बाजारात एका म्हाताऱ्या बाईंना ढकलायचं?

पिट्सबर्गकर

दिगंत, एकही गोष्ट खोटी नाही तुमची. पण तुम्ही काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. ग्रेडिंग नसताना काय होतं? डीलर म्हणेल तीच अवस्था. तो विकत घेताना म्हणे 'बरं आहे', विकताना म्हणे 'अप्रतिम'. आजींसमोर दहा मिनिटांत रोख रक्कम मांडणारा माणूस त्याच जगातला आहे. डबीत बंद कार्ड, त्यावर नंबर, आणि तोच नंबर संस्थेच्या नोंदीत कुणालाही तपासता येणं, यामुळे निदान घरात बसलेल्या माणसाला मागच्या विक्रीशी तुलना करता येते. ३११ नंबरच्या मँटलच्या पीएसए १० ग्रेडच्या जगात फक्त तीन प्रती नोंदल्या आहेत, हे मला आणि मोठ्या श्रीमंतालाही सारखंच दिसतं.

आणि मॅस्ट्रोचा कबुलीजबाब आल्यावर त्या वॅग्नरकडे लोक आणखी कुतूहलाने बघायला लागले. ते कार्ड केन केंड्रिक यांच्याकडे आहे, ॲरिझोना डायमंडबॅक्सचे मालक. त्याची बनवाबनवी हा आता त्याच्या इतिहासाचाच भाग झालाय.

दिगंत

तुलनेसाठी ग्रेड, इथवर मान्य. पण मग प्रत्येक कार्ड ग्रेडला पाठवायचं नाही, हेही स्पष्ट सांगा ताईंना. शुल्क, जाण्यायेण्याचा विमा, महिनोन्महिने वाट. २०२१ च्या मार्चमध्ये कामाचा इतका ढीग झाला की पीएसएला नवी कार्डं घेणं बरंच थांबवावं लागलं होतं.

पिट्सबर्गकर

शंभर टक्के अनुमोदन. ज्या कार्डाची किंमत शुल्काच्या कित्येक पट आहे तेच पाठवायचं. बाकी गठ्ठ्याने.

कागदवेडा

मी जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं काम करतो, म्हणून फक्त कागदापुरतं बोलतो.

अंगणवेल, कृपा करून काहीही पुसू नका. खोडरबर नको, ओला कपडा नको, कडा सरळ करणं नको. पुस्तकात दाबून ठेवणंही नको. हात धुऊन, कोरडे करून, कडांनी धरून उचला. त्या वहीला रबरबँड असेल तर तो काढा, रबर जुनं झालं की चिकटतं आणि डाग पाडतं. काही कार्डं जुन्या प्लॅस्टिकच्या पानांत असतील आणि ती पानं चिकट किंवा वास येणारी झाली असतील तर ते पीव्हीसी असू शकतं. त्यातून कार्डं काढून साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घाला. तळघर दमट असेल तर डबा तिथे ठेवू नका.

खरंखोटं ओळखायचं असेल तर एक भिंग आणि एक ब्लॅक लाइट (अतिनील प्रकाशाचा दिवा) पुरे. टी २०६ दगडी छपाईची कार्डं आहेत. खाली लिहिलेलं नाव भिंगातून सलग रंगाचं दिसतं. आजच्या नकलेत तेच अक्षर ठिपक्यांचं असतं. ब्लॅक लाइटखाली १९४० च्या दशकाच्या शेवटानंतरचा पांढरा कागद बहुधा निळसर चमकतो, कारण त्यात उजळवणारी रसायनं घालायला लागले. १९१० चं कार्ड चमकायला लागलं तर ते १९१० चं नाही.

चंद्रभागा

कागदवेडा, आणि वहीत चिकटवलेली असतील तर? माझ्या मुलाच्या मित्राच्या पणजोबांची सगळी डिंकाने चिकटवलेली आहेत.

कागदवेडा

ओढून काढू नका, एवढं आज सांगतो. संग्राहकांत दोन तट आहेत. शुद्ध पाण्यात भिजवून कार्ड सोडवणं बऱ्याच जणांना चालतं, रसायन वापरणं चालत नाही. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने पाणीही घरी करायची गोष्ट नाही. शाई उतरू शकते, कागद फुगून पोत बदलतो.

चिकटवलेलं म्हणून वाया गेलं असंही समजू नका. सिरॅक्यूसच्या जेफरसन बर्डिकने आयुष्यभर जमवलेली तीन लाखांवर छापील चित्रं, त्यात तीस हजारांहून जास्त बेसबॉल कार्डं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली. त्यातलं बरंचसं त्याने स्वतःच अल्बममध्ये चिकटवलं. आपण इथे 'टी २०६' म्हणतोय ते नावही त्याच्याच सूचीतलं. टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची, ई म्हणजे जुनी गोळ्याचॉकलेटांची, आर म्हणजे गमची. सांधेदुखीने हात वळेनात तरी तो वर्षानुवर्षं संग्रहालयात येऊन अल्बम लावत राहिला, १९६३ च्या जानेवारीत काम संपवलं आणि मार्चमध्ये गेला. त्या संग्रहात वॅग्नरही आहे. बाजारात त्याला डिंकाचा दोष लागला असता. पण हे कार्ड कुणी कधी कुठल्या पाकिटातून दिलं हे आज जगाला कळतं ते बर्डिकमुळे.

रानवारा

या प्रतिसादासाठी मनापासून धन्यवाद. मेट्रोपॉलिटनला अनेकदा गेलोय, हे माहीत नव्हतं.

सोनटक्का

ताईंच्या मूळ प्रश्नातल्या १०६ च्या लाल गोलाचं कुणी बोललंच नाही!

पिट्सबर्गकर

वा सोनटक्का, पकडलंत. हीच गोष्ट सांगायला मी थांबलो होतो.

१९३३ चा गौडीचा संच २४० नंबरांचा, पण त्या वर्षी १०६ नंबर छापलाच नाही. मुलं गम घेत राहिली, नंबर काही येईना. पालकांनी आणि मुलांनी कंपनीला पत्रं लिहिली. १९३४ मध्ये कंपनीने नॅप लाझोवेचं १०६ नंबरचं कार्ड छापलं आणि ज्यांनी तक्रार केली त्यांनाच टपालाने पाठवलं. पत्राला कागदाच्या क्लिपने अडकवून. म्हणून जी प्रत सापडते तिच्यावर बहुधा क्लिपचा ठसा असतो. आज तो संचातला सगळ्यांत अवघड नंबर.

त्यामुळे आजींच्या यजमानांच्या वहीत १०६ रिकामा आहे याचा अर्थ एकच: त्यांनी संच खूप मन लावून जमवला होता.

अंगणवेल

मंडळी, किती आभार मानू. मी हे आजींना भाषांतर करून वाचून दाखवलं. १०६ ची गोष्ट ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "तो लग्नाआधी मला सांगायचा, एक कार्ड मिळालं की थांबणार. मला वाटायचं, सगळेच पुरुष असं म्हणतात."

आता यादी. टी २०६ चाळीसच्या आसपास. कागदवेडांनी सांगितलं तसं पाहिलं, एकही चमकलं नाही. त्यात टाय कोबचं लाल पार्श्वभूमीचं एक आहे, पाठ पीडमाँट, कोपरे झिजलेले. वॅग्नर नाही, हे आधीच सांगते. गौडीत बेब रूथ १८१ आहे, मध्ये आडवी घडी. १९५२ च्या टॉप्सचे पहिल्या तीनशेतले बरेच आहेत, ३११ पासून पुढे एकही नाही. एक मँटल सापडला आणि माझा श्वास अडकला, पण तो बाकीच्यांपेक्षा आकाराने लहान आहे.

पिट्सबर्गकर

लहान म्हणजे अडीच इंच बाय साडेतीन इंच असेल. १९५२ ची मूळ कार्डं मोठी होती, दोन पूर्णांक पाच अष्टमांश बाय पावणेचार. तुमच्याकडचं टॉप्सने १९८३ मध्ये काढलेल्या पुनर्मुद्रणातलं, मागे तसं लिहिलेलंही असेल. चांगली आठवण म्हणून ठेवा.

३११ पासून पुढचे नाहीत हे मी वर सांगितलेल्या कारणानेच. त्यांच्या गावच्या दुकानात ते आलेच नसतील.

कोब आणि रूथ दोन्ही ग्रेडला जाण्याजोगे. घडी आहे म्हणून आकडा कमी येईल, पण 'खरं आहे' असा शिक्का मिळाला की बोली लावणारे वाढतात. टी २०६ मधली बाकी सामान्य नावं एका गठ्ठ्यात, टॉप्स दुसऱ्यात.

चंद्रभागा

आणि तळघरातली खोकी? तुम्ही 'नंतर' म्हणालात.

पिट्सबर्गकर

१९८१ पर्यंत टॉप्सची जवळजवळ मक्तेदारी होती. न्यायालयाच्या निकालामुळे फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या आल्या, १९८९ मध्ये अपर डेक. तोवर जुन्या कार्डांचे भाव वर्तमानपत्रांत यायला लागले होते. लोकांनी मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून खोकीच्या खोकी घेऊन ठेवली, कंपन्यांनी हवी तेवढी छापली, आणि या वेळी कुणाच्याही आईने ती फेकली नाहीत. सगळी उरली. म्हणून किंमत नाही. अपवाद शोधायचाच तर १९८९ च्या अपर डेकमधला पहिला नंबर, केन ग्रिफी ज्युनिअर, तोही निर्दोष असेल तर. बाकी खोकी आसपासच्या मुलांना द्या. फोडायला त्यांना फार मजा येईल, आणि कार्डं मुळात त्याचसाठी होती.

हिशेबनीस

मी न्यू जर्सीत कर सल्लागार आहे, एक महत्त्वाची बाजू राहतेय म्हणून लिहितो. वारशाने आलेल्या वस्तूचा मूळ भाव अमेरिकेत साधारणपणे मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात. म्हणजे सासऱ्यांनी पाकिटासोबत फुकट मिळवलेल्या कार्डावर आजींना शून्यापासून नफा मोजावा लागत नाही. यजमान गेले त्या तारखेचं मूल्यांकन लेखी करून घ्या, तेही विकत घेण्यात रस नसलेल्या माणसाकडून. संग्राह्य वस्तूंच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर केंद्राचा कर जास्तीत जास्त २८ टक्क्यांपर्यंत जातो, शेअरच्या नफ्याहून जास्त, म्हणून हा कागद मोलाचा. आणि आजींच्या स्वतःच्या कर सल्लागाराला हे दाखवाच.

दुसरं, घराच्या विम्यात अशा वस्तूंना बहुधा मर्यादा असते. कार्डं घराबाहेर नेण्याआधी विचारून घ्या.

दिगंत

लिलावगृहाशी करार करताना दोन आकडे वेगळे ठेवा. हातोडा पडतो ती रक्कम आणि त्यावर खरेदीदार देतो तो प्रीमियम. मोठ्या लिलावगृहांत हा प्रीमियम २० टक्क्यांच्या आसपास असतो. बातम्यांत छापतात ती रक्कम प्रीमियम धरून. विकणाऱ्याला हातोड्याच्या रकमेतून कमिशन वजा होऊन मिळतं. चांगला माल असेल तर या कमिशनवर घासाघीस होते, माझ्या ओळखीत काहींनी ते शून्यावर आणलंय. विचारायला लाजू नका.

आणि ई-बेवर भाव बघताना मागितलेली किंमत बघू नका, 'विकलं गेलं' असं निवडून बघा. मागणारा काहीही मागतो. तेच कार्ड, तीच ग्रेड, गेल्या काही महिन्यांतली विक्री. २०२१ च्या तेजीतला भाव आज धरू नका, त्यानंतर बरेच बदल झालेत.

गल्लीक्रिकेट

दिगंत विरोध करायला आले आणि सगळ्यांत उपयोगी सल्ला देऊन गेले.

दिगंत

विरोध कायम आहे. पण आजी फसायला नकोत.

रानवारा

पण मला एक विचारायचंय. विकायलाच हवं का? ओहायोतल्याच डिफायन्समध्ये २०१२ साली एका कुटुंबाला माळ्यावर खोक्यात १९१० च्या सुमाराची सातशे कार्डं मिळाली, आजोबांचं खाटकाचं दुकान होतं, त्यांची. वीस भावंडांनी वाटून घेतली आणि काही विकली. पहिल्या ३७ कार्डांनाच लिलावात साडेपाच लाखांवर आले. ते वाचून मला आनंद झाला तसं थोडं वाईटही वाटलं, शंभर वर्षं एकत्र राहिलेली कार्डं पांगली म्हणून.

कागदवेडा

रानवारा, ती शंभर वर्षं कुणी बघितलीच नव्हती. पांगल्यावर बघणारे मिळाले. २०१६ मध्ये दक्षिणेत एका घरात चुरगळलेल्या कागदी पिशवीत टाय कोबची सात कार्डं निघाली, पुढे कोब आणि पाठीवरही टाय कोब सिगारेटची जाहिरात. अशी जगात पंधराच्या आसपास माहीत होती. पिशवी कचऱ्यात जाता जाता वाचली. विकायची की नाही हे आजींनी ठरवावं, पण विकायच्या आधी प्रत्येक कार्डाचे दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो आणि त्या वहीची प्रत पुतण्याला पाठवा. कोणाची, कुठून आली हे कागदावर राहू दे. लिलावगृहालाही ती वही दाखवा. संग्रह एका कुटुंबात पिढ्यान्पिढ्या होता याची नोंद खरेदीदाराला महत्त्वाची वाटते.

अंगणवेल

आजींनी ठरवलं. रूथ आणि कोब ग्रेडला जाणार, मग लिलावात. बाकी टी २०६ एका गठ्ठ्यात. गौडीची उरलेली कार्डं आणि वही पुतण्याला. खोकी शनिवारी आमच्या गल्लीतल्या मुलांना. डीलरला त्यांनी स्वतः फोन करून नाही सांगितलं, आणि तो रक्कम वाढवायला लागला तेव्हा फोन ठेवला.

कार्डं पाठवायची कशी? कुरियरने?

पिट्सबर्गकर

पोस्टाची रजिस्टर्ड सेवा. सावकाश जाते, पण हातोहात सही होते आणि ५० हजार डॉलरपर्यंत विमा मिळतो. कार्ड मऊ पाकिटात, मग पुठ्ठ्यांमध्ये, चिकटपट्टी पाकिटाला अजिबात लागू देऊ नका. राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही ती) ठेवायची का ते लिलावगृहाशी बोलून ठरवा. रूथला राखीव किमतीची गरज नसते, बोली लावणारे असतातच.

चंद्रभागा

तो ब्लॅक लाइट कुठला घेतलात अंगणवेल? मुलाला घेऊन द्यायचाय.

अंगणवेल

हार्डवेअरच्या दुकानातून, पाळीव प्राण्यांचे डाग शोधायला विकतात तोच. खोलीत पूर्ण अंधार करा आणि कार्डाशेजारी प्रिंटरचा एक नवा कागद ठेवा, म्हणजे चमक कशाला म्हणतात ते लगेच कळतं.